तीनशे पाच ते तीनशे वीस

"शांत बसा रे, आज आपल्यात एक नवीन लेखिका जन्माला आलीये," असं म्हणून ऊर्जिताताईने माझी वही उघडली.

तेव्हा मी नववीत होते. आता बारावीत आहे, म्हणजे फार काळ लोटलाय असं नाही. पण नववीतली इरा भोईटे आणि आत्ताची इरा भोईटे शेजारी उभ्या केल्या तर तुम्ही म्हणाल, या दोघींची ओळख तरी आहे का? आत्ताची मी, सर फळ्याकडे वळले की जी चालू होते ती घंटेपर्यंत थांबत नाही. नववीतली मी अडखळायची. 'म'वर, 'क'वर, आणि समोरचा टक लावून बघत असला तर कशावरही. म्हणून जे सांगायचं ते मी लिहायचे. आणि ते लिहिलेलं मी जगात फक्त एका माणसाला दाखवलं होतं. दोन दिवसांपूर्वी, वाचनालयाच्या जिन्यात ऊर्जिताताईला गाठून. वहीवर चिठ्ठीही लावली होती: 'फक्त तू वाच.'

आणि आता ती सगळ्यांना वाचून दाखवत होती.

फलटणच्या लोकमित्र वाचनालयात, बालविभागाच्या खोलीत, दर रविवारी सकाळी दहाला आम्ही अकरा जण जमायचो. कशासाठी? सावळकोटसाठी. वसुधा केंजळे यांची ही पुस्तकं. समुद्रातल्या काळ्या खडकावर एक किल्ला, तिथली माणसं दोरीच्या गाठींमध्ये वारा बांधून ठेवतात. एक गाठ सोडली की एक वारा मोकळा. राजकन्या केतुमती, तिचा जुळा भाऊ उदयभान, आणि चार जाडजूड भाग. पाचवा, शेवटचा, तेव्हा नुकताच येऊ घातलेला. त्याच वर्षी त्यावर मालिका निघाली. दर शुक्रवारी नवा भाग यायचा आणि दर रविवारी आम्ही त्याची सालं काढायचो. पुस्तकात घोडा पांढरा, यांनी तांबडा केला. दासीला उगाचच हेर केली. केतुमतीच्या केसांना कुठल्या किल्ल्यात असा शाम्पू मिळतो?

आमची पुढारी होती ऊर्जिता शेंडे. अकरावीत, उंच, चष्मा डोक्यावर. तिचा एकच कायदा होता. कुणीही काहीही म्हटलं, की बाकीच्यांनी ओरडायचं, "पान?" मग त्याने पान क्रमांक सांगायचा. सांगता आला तर वाद तिथेच मिटला. नाही आला तर त्याने गप्प बसायचं. भाग तोच, आवृत्ती तीच, सगळे वाचनालयाचीच प्रत वाचणारे, त्यामुळे पान म्हणजे पान.

माझ्या गोष्टीत केतुमती फलटणला येते. तिथे एक मुलगी असते, तिला नीट बोलता येत नाही. केतुमती आपल्या दोरीची एक गाठ सोडते, वारा त्या मुलीच्या घशात शिरतो आणि ती मुलगी धडाधड बोलायला लागते. बावीस पानं. मुलीचं बोलणं मी जसं असतं तसंच लिहिलं होतं, तुटक.

"'मा... मा... मा... माझं ना... ना...'" ऊर्जिताताई वाचत होती. नुसतं वाचत नव्हती, मान पुढे काढून, डोळे मिटून करून दाखवत होती. हुबेहूब. मी बोलताना डोळे मिटते हे मला त्या दिवशी कळलं.

निहार मुळीक दहावीतला, तो बाकावरून खालीच घसरला. "हिच्या जिभेलाच गाठ आहे! ती सोड म्हणावं केतुमतीला!"

"गाठ!" कुणीतरी ओरडलं.

"ए गाठ!"

सगळे हसले. फरीन आतार, माझ्याच बाकावर बसणारी, माझ्या डब्यातलं थालीपीठ खाणारी, तीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. हात ठेवला म्हणून काय हसणं लपतं?

सगळं वाचून झाल्यावर ऊर्जिताताईने वही माझ्या मांडीवर ठेवली. "रागावलीस का गं? गंमत केली. लिहिणाऱ्याला एवढं सोसता आलं पाहिजे."

मी "नाही" म्हणणार होते. पण 'ना'वरच अडकले, आणि खोली पुन्हा फुटली.

घरी जाऊन वही उघडली तर शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'प्रयत्न बरा. दहापैकी तीन.'

रडले नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. रडले असते तर कदाचित तिथेच मोकळी झाले असते.

त्यानंतर मी रविवारी जायचं बंद केलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे! एक रविवार चुकवला नाही. कोपऱ्यात, वरची पुस्तकं काढायच्या घोडीला टेकून बसायचे, 'गाठ' म्हणून हाक मारली की बघायचे आणि ऐकत राहायचे. चारही भाग तीनदा वाचले. आणि एक गंमत लक्षात आली. आकड्यांवर मी अडखळत नव्हते! का ते विचारू नका. 'म' आला की घसा बंद. पण 'दोनशे सत्तेचाळीस' कसं, गोळी सुटल्यासारखं. मग मी पानं पाठ करायला लागले. निहारने काहीतरी ठोकून दिलं की मी कोपऱ्यातून म्हणायचे, "चुकलं. भाग दोन, पान एकशे ब्याण्णव." लोक पुस्तक काढून बघायचे. बरोबर निघायचं. दोन महिन्यांत असं झालं की वाद पेटला की माना माझ्याकडे वळायच्या.

नावानं मात्र 'गाठ'च.

पाचवा भाग आला तो श्रावणात. वाचनालयात एकच प्रत. साहजिकच पहिली ऊर्जिताताईला. पंधरा दिवसांनी तिने ती वाढवून घेतली. पुन्हा वाढवून घेतली. पुन्हा घेतली.

"ताई, आमचं म्हातारपण येईल," निहार म्हणायचा.

"नीट वाचतेय मी. तुझ्यासारखं गिळत नाही."

शेवटी ग्रंथपाल बाबरकाका एका संध्याकाळी तिला म्हणाले, "बाळ, आता बास. चौथ्यांदा नाही मिळायचं." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. ठेवताना त्यावरून एकदा हात फिरवला. मी शेजारी उभीच होते. काकांनी माझं कार्ड घेतलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

तीन दिवसांत मी तीनशे चार पानांपर्यंत पोचले. उदयभानने किल्ल्याचा चोरदरवाजा शत्रूला उघडून दिलाय, केतुमती तलवार घेऊन त्याच्यामागे तळ्याच्या घाटावर आलीये, पायऱ्यांवर दोघे समोरासमोर. पान उलटायला गेले तर उलटेना.

पानं वरच्या कडेला जोडलेली होती. छापखान्यात कागदाची एक मोठी घडी घालून सोळा पानं करतात आणि मग कडा कापतात. ती शेवटची घडी कापायची राहून गेली होती. तीनशे पाच ते तीनशे वीस. पुस्तकाची शेवटची सोळा पानं, न फाडलेल्या पाकिटासारखी बंद.

हे पुस्तक दोन महिने तिच्याकडे होतं. आणि तिने शेवट वाचलेलाच नव्हता.

आमची पुढारी! आणि हिने दहापैकी तीन दिले होते मला.

पट्टी घालून पानं कापायला एक मिनिट लागलं असतं. मी नाही कापली. खिडकीपाशी पालथी झोपले, जोडलेली पानं खालून फुगवली, त्याची नळी केली आणि दुर्बिणीत बघावं तसा एक डोळा आत घालून सोळाच्या सोळा पानं वाचली. मान दोन दिवस दुखत होती. पण पानं जशी होती तशीच राहिली. का तशी ठेवली ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. नुसतं वाटलं, ही असू देत.

त्याच शुक्रवारी मालिकेत घाटाचा भाग आला. केतुमती उदयभानला ठार मारते, तळं लाल होतं आणि भाग संपतो. रविवारी खोलीत नुसता कल्लोळ.

"सख्ख्या भावाला? मसाला! नुसता मसाला!" निहार बाकावर उभा राहून ओरडत होता.

"पुस्तकात असं नसेलच," फरीन म्हणाली. "केतुमती तसली नाहीये. ताई, तू वाचलायस ना, आहे का गं असं?"

सगळे ऊर्जिताताईकडे बघायला लागले. तिने डोक्यावरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"आत्ता सांगणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी केंजळेबाई स्वतः येतायत आपल्या वाचनालयात. मुलाखत मी घेणार आहे. तेव्हा त्यांनाच विचारू, सगळ्यांसमोर."

टाळ्या पडल्या. मला कोणी विचारलं नाही. पुस्तक माझ्याकडे आहे हे फक्त काकांना आणि तिला माहीत होतं. आणि इंटरनेटवर शेवट शोधणं आमच्यात इतकं हलकं मानलं जायचं की ते कुणाच्या मनातही आलं नसतं.

पांगापांग झाल्यावर तिने मला जिन्यात थांबवलं. त्याच जिन्यात.

"इरा." पहिल्यांदाच नावाने. "पाचवा आहे ना तुझ्याकडे? झाला वाचून?"

मी मान हलवली.

"मला मुलाखतीसाठी ते घाटाचं पान नेमकं पाहिजे. माझ्या लक्षातून गेलंय बघ. मारते का ती त्याला? म्हणजे, मला आठवतंय, पण तुझ्याकडून पक्कं करते." बंद पानं मी पाहिली असणार हे तिलाही कळत असणार, पण कबूल कोण करतंय?

"पुस्तक आ... आणून देऊ?"

"नको!" ती इतक्या पटकन म्हणाली की मला हसूच आलं. आळशी कुठली, वाटलं मला. "पुस्तक नको. तू फक्त सांग."

आमच्यात कुणी चुकीचं बोलायचं, थापा मारायचं, भांडायचं. पण ठरवून खोटं पान आजवर कुणीही सांगितलेलं नव्हतं. निहारनेसुद्धा नाही. ते म्हणजे देवाच्या ताटातलं उष्टं करण्यासारखं होतं.

"नाही मारत," मी म्हटलं. "पान तीनशे अकरा. ती तलवार तळ्यात टाकते आणि त्याला जाऊ देते. तो पायऱ्या चढून निघून जातो. मागे वळून बघत नाही."

एकदाही अडखळले नाही.

ऊर्जिताताईचा चेहरा कसा उजळला! "वाटलंच मला. बाई त्याला मारणारच नाहीत. थँक्यू गं!" तिने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

त्या आठवड्यात ती माझ्याशी भलतीच गोड वागली. स्वयंसेवकांच्या यादीत माझं नाव घातलं. शाळेसमोरच्या गाड्यावर भेळ खाऊ घातली, माझ्यात तिखट जास्त टाकायला लावलं, कारण मला तसंच आवडतं हे तिने फरीनला विचारून ठेवलं होतं. गुरुवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडताना मला खरंच वाटलं, सांगून टाकावं. ताई, चुकलं माझं, मारते ती त्याला, तीनशे अकरावरच मारते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात माइकवाले काका आले आणि ती त्यांना म्हणाली, "वायर कुठून न्यायची ते या गाठीला दाखवा, ही बघेल."

मी तोंड मिटलं.

रविवारी हॉल भरून वाहत होता. सव्वाशे खुर्च्या आणि मागे उभे तेवढेच. आमच्या मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत, नगराध्यक्ष, ऊर्जिताचे आईवडील. केंजळेबाई सत्तरीच्या, सहावार साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. आल्या आल्या म्हणाल्या, "चहा आधी, भाषण नंतर." आम्हाला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

मुलाखत सुरेख चालली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. ऊर्जिताताई बोलायला लागली की ऐकत राहावं अशीच बोलायची. वाऱ्याच्या गाठी कशा सुचल्या, खडकावरचा किल्ला कुठे बघितला, सगळं झालं. मग ती खुर्चीत पुढे सरकली.

"बाई, आता एक स्पष्ट प्रश्न. घाटाच्या भागात मालिकावाल्यांनी केतुमतीला स्वतःच्या भावाचा खून करायला लावलं. तुमच्या पुस्तकाचा आत्माच मारला त्यांनी. तुम्हाला किती यातना झाल्या असतील?"

टाळ्या. निहारने शिट्टी मारली.

केंजळेबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "कसल्या यातना?"

"तुमच्या पुस्तकात ती त्याला सोडून देते ना."

"कोण म्हणतं?"

"म्हणजे... ती तलवार तळ्यात टाकते."

"अगं मुली, मारते की ती त्याला! मी स्वतः मारलंय. दोन दिवस जेवले नव्हते." लोक हसले. "त्या मालिकावाल्यांनी शंभर गोष्टी बदलल्यात, पण एवढी एक जशीच्या तशी घेतली, त्याबद्दल मी त्यांना फोन करून शाबासकी दिली."

हसणं वाढलं. ऊर्जिताताईच्या गळ्यापासून लाली वर चढायला लागली. तरी तिने सोडलं नाही. सोडलं असतं तर वाचली असती. पण आमच्यात पान हातात असताना कुणी माघार घेत नसे.

"नाही बाई. पान तीनशे अकरा."

"माझं पुस्तक मलाच शिकवतेस?" बाई चिडल्या नव्हत्या, त्यांना मजा वाटत होती. "आणा रे एक प्रत. आहे का कुणाकडे?"

ऊर्जिताताईने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी काय केलंय हे तिला त्या क्षणी कळलं, मला दिसलं ते कळताना. आणि तिला हेही कळलं की ते ती कुणाला सांगू शकणार नाही. 'या मुलीने मला खोटं सांगितलं' म्हणायचं, तर 'मी स्वतः वाचलं नव्हतं' हे आधी म्हणावं लागणार.

मी उठले. पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढून मी ते बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी मागची पानं चाळली. थांबल्या. अंगठ्याने ओढून बघितलं. "अरेच्चा. हे तर उघडलेलंच नाही." माइक चालू होता. "शेवटची सोळा पानं जोडलेली आहेत. हे पुस्तक कुणी पूर्ण वाचलेलंच नाही की!"

बाबरकाका पहिल्या रांगेतून उठले. "काय? कार्ड बघा मागचं. कुणाकुणाकडे गेलंय?"

कार्ड मागच्या खिशात असतं. बाईंच्या आधी मीच ते काढलं. माइक ओढून घेतला आणि वाचलं, मोठ्याने, एकेक तारीख स्वच्छ. "ऊर्जिता शेंडे. अकरा ऑगस्ट. ऊर्जिता शेंडे. पंचवीस ऑगस्ट. ऊर्जिता शेंडे. आठ सप्टेंबर. ऊर्जिता शेंडे. बावीस सप्टेंबर."

पहिल्या नावाला कुणीतरी हसलं. चौथ्या नावापर्यंत सगळा हॉल हसत होता. निहार मुळीक तर पोट धरून, त्या दिवशी हसला होता तसाच. त्याला काय, हसायला कुणीही चालतं.

"आणि खाली तुझं नाव असेल," बाई मला म्हणाल्या. फार हुशार बाई. "मग तू कसं वाचलंस?"

मी पुस्तक घेतलं, पानांची नळी केली आणि एक डोळा आत घालून सव्वाशे खुर्च्यांकडे तोंड करून उभी राहिले. हॉल कोसळला. टाळ्याच टाळ्या. बाईंनी हसत हसत डोळे पुसले, "माझ्या पुस्तकाला असा वाचक मिळाला, आता मी मरायला मोकळी," असं म्हणाल्या आणि काकांकडून स्टीलची पट्टी मागून घेतली. बरोबर तीनशे अकराव्या पानापर्यंत त्यांनी कडा कापल्या आणि उदयभानचं मरण वाचून दाखवलं. मग पुस्तक मिटलं.

"पुढचं नाही वाचणार. केतुमतीच्या दोरीला शेवटची एक गाठ उरलीये, तिच्यात कुठला वारा आहे ते उरलेल्या पानांत आहे. ज्याचं त्याने उघडून बघावं."

ऊर्जिताताई खुर्चीत बसून होती. आभार तिने मानायचे होते. ते मुख्याध्यापिकांनी मानले.

दुपारी एकला हॉल रिकामा झाला. मी बालविभागात आमच्या बाकावर बसले होते, पुस्तक मांडीवर. फरीन दोनदा येऊन मला मिठी मारून गेली. "एकदाही अडखळली नाहीस, बाई! माइकवर!" खरंच की. मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग ऊर्जिताताई आली. एकटीच. डोळे लाल होते, पण रडणं उरकून आलेली दिसत होती.

"खोटं पान सांगितलंस तू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. अजूनही विश्वास बसत नसल्यासारखा होता.

"हो."

"का पण?"

"माझी वही आठवते?"

"कुठली वही?"

ती आठवायचा प्रयत्न करत होती, खरोखर, कपाळाला आठ्या घालून.

"अच्छा, ती गोष्ट? अगं... ती गंमत होती." आणि मग स्वतःशीच, "त्याच्यासाठी?"

ती माझ्यासमोर खालीच बसली, फरशीवर. पुस्तकाकडे बघत होती.

"मी मुद्दाम ठेवली होती गं ती पानं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात तीनशे चारपर्यंत आले आणि बघते तर पुढची बंद. इतका आनंद झाला मला! सहावा भाग बाई लिहिणार नाहीत. हे संपलं की संपलंच. म्हटलं, राहू देत. एखादा अगदी घाण दिवस येईल ना, कुठेच जाऊ नये असा, तेव्हा कापायची. पुन्हा पुन्हा घरी आणत होते ते नुसतं जवळ असावं म्हणून. तू म्हणालीस तो जगतो, तर केवढं बरं वाटलं होतं. म्हटलं, आता तर घाईच नाही." तिने नाक पुसलं. "खाली आईबाबा थांबलेत. बाबा गाडीत बसूनसुद्धा बोलले नाहीत माझ्याशी. उद्या कॉलेजला जायचंय. आजचाच असेल तो दिवस. दे ना पुस्तक. शेवटची नऊ पानं राहिलीत अजून. गाठीत काय आहे तेवढं वाचू दे."

तिने हात पुढे केला.

मी पुस्तक दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं आणि उठायला लागली.

"काही नाहीये," मी म्हटलं.

"काय?"

"शेवटच्या गाठीत. ती सोडते आणि काही होत नाही. गाठ रिकामी असते. पहिल्या भागापासून रिकामीच असते, तिच्या आईने तिला धीर यावा म्हणून नुसतीच बांधलेली."

सगळं एका दमात. कुठेही घसा अडला नाही.

ऊर्जिताताई अर्धवट उठलेली तशीच थांबली. तिने कानांवर हात नेले होते, पण पुस्तक सांभाळण्याच्या नादात ते पोचायला उशीर झाला. मग तिने हात खाली घेतले. पुस्तक हळूच बाकावर, माझ्या शेजारी ठेवलं, कडेला सरळ करून, काका लावतात तसं. आणि गेली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकू आला.

मी काकांच्या टेबलावर पुस्तक जमा केलं, माझ्या नावापुढे शिक्का मारून घेतला आणि पळत घरी गेले. रविवार होता, घरी मटण होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि रस्सा दोनदा वाढून घेतला.

"आज भूक लागलीये वाटतं बाईसाहेबांना," आई म्हणाली.

लागली होती.